दिघ्याची फिटरीण

गाडी घेऊन आलेला माणूस "कॉईल गेलीय" किंवा "पंप बसलाय" असं म्हणाला, की फिटरीण हातातला पाना त्याच्यापुढे धरायची. "घ्या. तुमाला समजलंय तर तुमीच करा." माणूस ओशाळा व्हायचा. मग ती पाना परत घ्यायची आणि म्हणायची, "आता सांगा. काय झालं ते सांगा. का झालं ते मी बघते."

दिघ्याला डोंगराच्या पायथ्याशी तिची पत्र्याची शेड होती. ती मूळची कराडकडची. नवरा कंपनीत फिटर होता, कंपनी बंद झाल्यावर त्याने शेड टाकली. पुढे साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले. आधी ती नुसते पाने हातात द्यायची. मग तो खुर्चीत बसून सांगायचा आणि ती करायची. नंतर सांगायचीही गरज राहिली नाही. तरी त्याचं नाव फिटर ते फिटरच राहिलं, आणि तिला सगळे फिटरीण म्हणायला लागले. साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालायची, बाह्या दुमडून. संध्याकाळी धुण्याच्या पावडरीत साखर कालवून हात चोळायची, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. मी तिला अक्का म्हणायचे.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा खुर्चीतल्या फिटरशी बोलायचं. फिटरीण गाडीखाली झोपलेली असायची, फक्त पाय दिसायचे. एकदा एक जण बराच वेळ फिटरला गिअरचं दुखणं सांगत होता. फिटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मी इथं नुसता बसायला असतो. डॉक्टर खाली हाय. तिच्या पायाशी बोला."

माझी तिच्याकडे जायची वेळ आली ती आमच्या व्हॅनमुळे. जुनी पांढरी व्हॅन, माझ्या नवऱ्याने घेतलेली. ते गेल्यावर ती दिराच्या नावावर झाली, कारण तेव्हा मला गाडी येत नव्हती. नंतर मी शिकले, लायसन काढलं. पहाटे उरणला करंजा बंदरावर जायचं, मासळी भरायची आणि घणसोली गावात आणून बाजारात बसायचं. आमच्या बाजारात पाट्या घेऊन टेम्पोने येणाऱ्या बायका पुष्कळ, पण स्वतःची गाडी चालवत येणारी मी एकटीच. मी कोणाशी फार बोलत नाही. गाडीत बसलं की मला बोलावं लागत नसे, आणि ते मला आवडायचं.

ती व्हॅन चालता चालता बंद पडायला लागली. करंजाहून निघालं की बरी चालायची, आणि मध्येच कुठेतरी धक्के द्यायची, खोकायची, मरायची. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. बर्फ वितळायचा, मासळी नरम पडायची. एका गॅरेजवाल्याने कॉईल बदलली. दुसऱ्याने प्लग आणि पंप बदलला. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी मी पुन्हा रस्त्याच्या कडेला.

त्यातच पासिंगची तारीख जवळ आली. जुन्या गाडीला पासिंग करून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि त्याच्या कागदावर मालकाची सही लागते. मालक म्हणजे माझे दीर. ते वाईट नाहीत. पण सारखा माझा फोन यायचा आणि दर वेळी त्यांना काम टाकून यावं लागायचं. ते म्हणाले, "वयनी, महिनाभर बघतो. गाडी धड चालली तर सही देतो. नाय तर भंगारवाला बोलावतो. तुमी घरात बसा, मी हाय ना." जाऊबाई आतून म्हणाल्या, "बायकांच्या हातात गाडी दिली का असाच होतो." मला भीती त्या 'घरात बसा'चीच जास्त वाटली.

पहिल्या दिवशी मी शेडसमोर गाडी लावली तेव्हा फिटरीण पदर नाकाला लावून उभी राहिली. ती माळकरी होती. "ए बाई, हे काय भरून आणलंयस?"

"काय नाय अक्का, रिकामी हाय. बोंबलांचा वास हाय तो. तो जात नाय."

"जात न्हाय म्हणजे? मला पेट्रोलचा वास घ्यायचा असतोय. ह्यात पेट्रोल कुठलं आणि बोंबील कुठला, कसं कळायचं?" तिने चारी दारं उघडून ठेवली आणि मला बादली आणि झाडू दिला. "आधी धू. मग बघू." मी तासभर गाडी धुतली. पुढे महिनाभर हाच नियम. आणि महिना संपेपर्यंत तिला आत न डोकावता कळायला लागलं, आज सुरमई होती की बांगडा. फिटर हसायचा, "माळ काढून ठेव आता."

आमच्या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलली की इंजिन. फिटरिणीने मला सीट उचलायला लावली. मला ती कशी उचलतात तेही माहीत नव्हतं. "दोन वर्षं ह्याच्यावर बसलीस ना? कोंबडीला तरी ठाऊक असतंय खाली काय हाय ते." मी खाली मान घातली. तिने माझा हात धरून एकेका गोष्टीवर ठेवला. हा पंप, हा कार्बोरेटर, ही कॉईल, ही पेट्रोलची नळी. "भाजतंय तिथं हात लावायचा न्हाय. बाकी तुझंच हाय."

तिची एक रीत मी नंतर कुठल्याच गॅरेजमध्ये पाहिली नाही. ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक काढायची, एक लावायची, गाडी सुरू करायची, फेरी मारून यायची. गिऱ्हाईक घाई करायचं, "सगळंच बदलून टाका ना एकदम." ती म्हणायची, "चार औषधं एकदम दिली आणि ताप उतरला, तर कुठल्या औषधानं उतरला? आणि परत आला तर कुठलं देऊ?" आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. तो चांगला असेल तर तसं सांगून द्यायची, "हा बिचारा उगाच निघाला."

पण एक एक करत गेलं की लक्षात ठेवावं लागतं, आणि तिला लिहिता येत नव्हतं. आधी फिटर लिहायचा. डोळे गेल्यावर ती पत्र्यावर खडूने रेघा मारायची, आणि आडव्या रेघेचा अर्थ कधीकधी स्वतःच विसरायची. तिने मला विचारलं, "तुला येतंय लिवायला?"

"चौथीपर्यंत."

"मग काय पायजे आणिक? लिही."

मी माझ्या पोरीची शाळेची अर्धी राहिलेली वही आणली. फिटरीण सांगेल ते मी लिहायचे. आज कुठून निघालो. किती पाट्या होत्या. पेट्रोल किती टाकलं, काटा कुठे होता. कुठे बंद पडली, किती वेळाने सुरू झाली. मी एकदा लिहिलं, 'गाडी गरम झाली म्हणून बंद पडली.' संध्याकाळी वाचून दाखवलं तर ती थांबली. "गरम झाली म्हणून, हे तुला कोण बोललं? गाडी बोलली?" मी ते खोडलं आणि लिहिलं, 'बंद पडली. हात लावला तर गरम होती.' "हां. आता खरं झालं."

एका पहाटे ती स्वतः माझ्याबरोबर करंजाला आली. माळकरी बाई, बंदरावर नाकाला पदर लावून गाडीतच बसून राहिली. कोळणी तिला पाहून हसत होत्या. एकीने खिडकीत तोंड घालून विचारलं, "मावशी, कोलंबी घेता का? ताजी हाय." फिटरीण म्हणाली, "मला गाडी बंद पडलेली पायजे. ती हाय का तुझ्याकडं?"

ती मिळाली. द्रोणागिरीच्या पुढे पुलाच्या चढावर व्हॅनने आचके दिले आणि मेली. मागे कंटेनरचे ट्रेलर, एकामागोमाग एक, सगळ्यांचे हॉर्न. फिटरीण सावकाश उतरली. एका ट्रेलरवाल्याने ओरडून काहीतरी म्हटलं. तिने त्याला हात केला, "जरा दम धर, आता सापडलीय." जणू चोर पकडला होता. सीट उचलली. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि मला चावी मारायला सांगितलं. "ठिणगी पडतीय. लिही." मग कार्बोरेटरची नळी काढली. "मार." मी चावी मारली. नळीतून थेंबही आला नाही. "पेट्रोल येत न्हाय. लिही." भर पुलावर, ट्रेलरच्या हॉर्नमध्ये, मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

शेडमध्ये आल्यावर तिने टाकीकडून येणारी नळी सोडून बाजूला बांधली. एका बाटलीत पेट्रोल घेतलं, वर खिळ्याला टांगली, आणि तिच्यातून एक पातळ नळी थेट कार्बोरेटरला दिली. सलाईन लावल्यासारखी. त्याच्यावर इंजिन तासभर चालू ठेवलं. फिटर खुर्ची ओढून जवळ बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. तासाभराने म्हणाला, "ह्या गाडीचं काळीज चांगलं हाय."

"मग सगळे इंजिनालाच का धरत व्हते?" फिटरीण म्हणाली. "दुखणं पोटात, आणि औषध डोक्याला."

संध्याकाळी मी वही पहिल्यापासून वाचून दाखवली. एकवीस दिवस. फिटर मध्येच म्हणाला, "थांब. बंद पडली त्या दिवसांचाच काटा वाच." मी वाचला. प्रत्येक वेळी काटा अर्ध्याच्या खाली. शनिवारी मी टाकी भरायचे, कारण रविवारी माल जास्त लागतो, आणि रविवारी गाडी एकदाही बंद पडली नव्हती. हे सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

फिटरीण माझ्याकडे वळली. "टाकीत काहीतरी हाय. पेट्रोल कमी झालं की ते नळीच्या तोंडाशी येतंय, गाडी ओढती तसं चिकटतंय. गाडी थांबली की ओढ थांबती, ते सुटून पडतंय. म्हणून दहा मिनिटांनी चालू. टाकीचं झाकण कधी हरवलं व्हतं का?"

मी म्हणाले, "नाय."

ते खोटं होतं. पावसाळ्याआधी पेट्रोल भरताना झाकण गाडीच्या टपावर राहिलं आणि रस्त्यात कुठेतरी उडून गेलं. घरी कळलं असतं तर जाऊबाईंनी ते महिनाभर पुरवलं असतं. म्हणून मी मासळीची काळी पिशवी घडी करून टाकीच्या तोंडात कोंबली आणि वरून रबर लावलं. आमच्या बाजारात पिशवी आणि रबर हेच हाताशी असतं, सगळ्याला तेच लावायचं. आठवड्याने नवं झाकण आणलं. पिशवी ओढून काढली तेव्हा ती फाटून आली, एक कोपरा नव्हता. मला वाटलं वाऱ्याने गेला असेल. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्या दिवशी मी तशीच घरी आले. तीन आठवडे ती बाई माझ्या गाडीखाली झोपत होती, बंदरावर नाक धरून बसली होती, आणि मी तिला सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून तडक दिघ्याला गेले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, एका रिक्षाच्या चाकाशी बसली होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. झाकण, पिशवी, रबर, कोपरा. आणि का सांगितलं नाही तेही.

ती बराच वेळ चाक फिरवत राहिली. मला वाटलं आता पाना पुढे धरेल. ती म्हणाली, "वही कुठाय?"

"पिशवीत हाय."

"लिही त्यात. तारीख घालून लिही."

मी तिथेच जमिनीवर बसून लिहिलं. 'झाकण हरवलं. मी पिशवी कोंबली. काढताना फाटली. कोणाला सांगितलं नाही.' वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बास. आता ते वहीत गेलं. चल, टाकी उतरवू."

टाकी उतरवायला दोघींना दुपार लागली. उलटी करून हलवली तेव्हा आधी गंज आला, मग गाळ, आणि शेवटी तळहाताएवढा काळा तुकडा, पेट्रोलने फुगून लुळा पडलेला. फिटरिणीने तो पक्कडीत धरून उजेडात बघितला. "हा बघ तुझा बोंबील," ती म्हणाली, आणि मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसू आलं.

टाकी धुतली, बसवली. आता दिरांना दाखवायचं होतं. मी म्हणाले, टाकी भरून घेते. फिटरीण एकदम चिडली. "भरल्या टाकीवर तर ती आधीबी चालत व्हती. पाव टाकीवर न्यायची. फसवून मिळवलेली सही पुलावर बंद पडत असती." तशीच नेली. दीर माझ्या शेजारी, फिटरीण मागे उलट्या घातलेल्या पाटीवर बसलेली. घणसोलीहून करंजा आणि परत. द्रोणागिरीच्या पुलाच्या चढावर माझे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. दीर डॅशबोर्डवर बोटं वाजवत होते, ती थांबली. व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये चढली आणि पलीकडे उतरली.

दिरांनी मागे वळून विचारलं, "मावशी, काय झाला होता नक्की?"

फिटरीण म्हणाली, "टाकीत कचरा व्हता. जुनी गाडी. साचतंय."

तिने मला वाचवलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तिच्या तोंडून अर्धं खरं ऐकायची मला सवय नव्हती. मी रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "कचरा मी टाकलेला, भावोजी. झाकन हरवला होता. पिशवी लावली, ती आत पडली. तुमाला सांगायला घाबरले."

एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मग दीर म्हणाले, "आता झाकन हाय ना नीट?"

"हाय. दोरीनं बांधलाय."

"मग बरा." घराशी आल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला, व्हॅनच्या सीटवरच ठेवला आणि सही केली. पेन खाली ठेवताना म्हणाले, "आता मना फोन करू नका. काय झाला तर तुमीच बघा." जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी माझ्या नावावर करून दिली.

मी खरंच फोन केला नाही. लहानसहान दुखणं मी स्वतःच काढायला लागले. बाजारातल्या बायका आपल्या स्कुट्या माझ्याकडे आणायला लागल्या. एक जण म्हणाली, "बॅटरी गेलीय." मी तिला विचारलं, "काय झाला ते सांग." मग माझ्या लक्षात आलं, मी कोणाच्या आवाजात बोलतेय. वह्या आता पाच झाल्यात. पहिल्या वहीत फक्त गाडी आहे. नंतरच्या वह्यांत घरातलं, बाजारातलंही येत गेलं. कोणाला दाखवत नाही. ही गोष्टही तिथलीच.

गेल्या वर्षी फिटरची तब्येत ढासळली आणि दोघांनी गावी जायचं ठरवलं. तिकडे घर होतं, पुतणे होते. फिटरीण टेम्पो ठरवायला निघाली तेव्हा मी म्हणाले, "मी नेते." ती म्हणाली, "कराड लांब हाय. मधी घाट हाय." मी म्हणाले, "मना म्हाईत हाय." तिने पुढे काही विचारलं नाही. आदल्या दिवशी मी गाडी दोनदा धुतली.

सकाळी निघालो. फिटर माझ्या शेजारी, मागे भांड्यांची पोती, पत्र्याची ट्रंक, हत्यारांची पेटी, आणि त्या सगळ्यात जागा करून फिटरीण वाकळीवर बसलेली. खोपोली मागे पडली आणि घाट लागला. एवढं ओझं घेऊन मी कधी चढले नव्हते. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, सीटखालून इंजिनची ऊब यायला लागली. ट्रक एका बाजूने कण्हत चालले होते. मी वळणं मोजत होते.

फिटर म्हणाला, "ती काय करतीय?"

मी आरशात पाहिलं. "झोपल्यात."

"झोपली?" त्याने मान मागे वळवली. "लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. गाडीत झोपलेली मला ठाऊक न्हाय. एसटीत बसली तरी कान इंजिनाकडं. सारखी सांगती, तिसऱ्यात टाकायला पायजे व्हती, क्लच घासतोय." तो हसला आणि आंधळे डोळे पुढे रस्त्याकडे करून बसला.

वर आल्यावर सगळ्या गाड्या चहाला थांबतात. मी थांबले नाही. उगाच दार वाजलं असतं, जाग आली असती. लोणावळा ओलांडून सपाटीला लागलो, तेव्हा मागे भांडी वाजली. फिटरीण उठून बसली होती, केस विस्कटलेले, एका गालावर वाकळीचे टाके उमटलेले.

"घाट आला का गं?"

"घाट गेला, अक्का."

तिने मागच्या काचेतून एकदा बघितलं, "बरं" म्हणाली, आणि वाकळ परत अंगावर ओढून घेतली.